वाढपी आणि भैरूचा मंगळवार

त्या शुक्रवारी केतकीच्या घरात दोन साक्षीदार समोरासमोर आले. खोटं कुणीच बोलत नव्हतं, पण दोघांची साक्ष काही जुळत नव्हती.

पहिला साक्षीदार वाढपी. लग्नाच्या पंगतीत वाकून वाकून भात वाढतो, तो वाढपी नव्हे. हा पत्र्याचा होता, केतकीच्या खांद्याइतका उंच, पडवीच्या कोपऱ्यात उभा. पोटात खाद्याच्या तीन टाक्या, पुढच्या अंगाला तीन खिडक्या आणि प्रत्येक खिडकीमागे एक थाळी. घरात कुत्री तीन. रोज संध्याकाळी बरोबर सहा वाजता ज्याचं जेवण त्याला वाढायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या पडद्यावर लिहिलं होतं : ‘भैरू. एकवीस दिवस, एकवीस जेवणं. रोज तीनशे ग्रॅम वाढले. थाळी रिकामी.’

दुसरा साक्षीदार डॉक्टर नलवडेबाईंचा वजनकाटा. तो म्हणत होता : ‘भैरू. तीन आठवड्यांपूर्वी साडेचोवीस किलो. आज एकवीस किलो दोनशे ग्रॅम.’

“सगळं खातो म्हणतेस?” डॉक्टरांनी विचारलं.

“सगळं!” केतकी म्हणाली. “हे बघा ना, थाळी रोज रिकामी. उलट हावरट झालाय तो. जेवून झाल्यावर तास-दीड तासानं पुन्हा खिडकीशी येऊन उभा राहतो. वाढपी त्याला परत पाठवतो.”

डॉक्टरांनी भैरूचे दात पाहिले, पोट चाचपलं, डोळ्यांच्या कडा खाली ओढून पाहिल्या. तेरा वर्षांचा म्हातारा भैरू निमूट उभा होता. त्याच्या फासळ्या आता बोटांनी मोजता येत होत्या.

“आजार तर दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “दोन आठवड्यांनी शुक्रवारी येते. वीस किलोच्या खाली उतरला, तर मात्र मला त्याला खाली दवाखान्यात न्यावं लागेल, सलाइनवर ठेवावं लागेल. म्हातारं जनावर आहे, केतकी. घाटाचा रस्ता, अनोळखी पिंजरा... परत येईलच, असं काही मी तुला सांगणार नाही.”

त्या गेल्या. पठारावर वारा सुटला होता आणि पवनचक्क्यांची पाती सावकाश फिरत होती. केतकी पायरीवर बसून राहिली. अकरा वर्षांच्या आयुष्यात तिनं बनवलेली सगळ्यात शहाणी वस्तू म्हणजे वाढपी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो जाणार होता. आणि तोच वाढपी जेवू घालत असताना भैरू वाळत चालला होता.

*

हे घर उंच पठारावर होतं. केतकीची आई, विशाखा, पवनचक्क्यांवर काम करायची. पात्यांवर चढून ती पुसणारी, त्यांच्या भेगा शोधणारी आठ पायांची कोळी-यंत्रं आता सगळीकडेच असतात. त्या यंत्रांना सांभाळणं हे आईचं काम. सकाळी सातला जायची, संध्याकाळी साडेसातला यायची. घरात केतकी आणि तिचे नाना, म्हणजे आईचे वडील. नानांचा जन्म मोजण्यात गेला. ते मापनशास्त्रज्ञ (मोजण्याच्या शास्त्राचे जाणकार) होते. अंतराळस्थानकावर माणसं तरंगतात; पाय काट्यावर टेकतच नाहीत, तर त्यांचं वजन कसं करायचं, यावर त्यांनी वीस वर्षं डोकं चालवलं होतं. डोक्यात आकडे होते, तोंडात मात्र त्यांच्या आईच्या ओव्या. एखादी अडचण आली की नाना नवी ओवी जुळवत. बाकीचे मग त्यांच्या तोंडाकडे बघत बसत.

आणि तीन कुत्री. झिपरी, केसाळ आणि लठ्ठ, तिला कमी खायला द्यायचं. टिकल्या, वर्षाचा, कपाळावर पांढरा ठिपका, त्याला जास्त द्यायचं. आणि भैरू. हा सतूबापू मेंढक्यांचा कुत्रा. बारा वर्षं कळपाबरोबर चालून चालून त्याचे पाय दमले, तेव्हा गेल्या वर्षी बापूंनी त्याला इथं आणून ठेवलं. त्याच्या खाद्यात सांध्यांचं औषध मिसळलेलं असे.

पूर्वी हे सगळं नाना हातानं वाढायचे. संध्याकाळी आई आली की घमेलं घ्यायचं, तिघांना तीन ठिकाणी बसवायचं, मध्ये काठी घेऊन उभं राहायचं. पण नानांचा खांदा निखळला. मग आजोबा आणि नात दोघांनी मिळून वाढपी बनवला.

“वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसा, काळजी नसते,” नाना म्हणाले होते. “तर आपला वाढपी आधी ओळखायला शिकला पाहिजे.”

म्हणून प्रत्येक कुत्र्याच्या पट्ट्यात एक चकती बसवली. त्या चकतीत बॅटरी नसते. खिडकी सारखी एक रेडिओ लहर (डोळ्यांना न दिसणारी, निरोप नेणारी लाट) सोडत असते. चकती जवळ आली की त्या लहरीच्याच बळावर ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. जसं कुणी दारावर टकटक केली की झोपलेला माणूस जागा होऊन आतून ‘ओ’ देतो, तसं. क्रमांक जुळला की खिडकी उघडते आणि वाढपी बोलतो, “या भैरू, आपले पान वाढले आहे.”

हे ‘आपले पान’ केतकीनं शिकवलं होतं. कुत्र्यांनाही कुणीतरी मानानं बोलावं, असं तिला वाटायचं.

*

शनिवारी सकाळी नानांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या आणि रिकामा पेला ठेवला.

“डोळे मीट. आणि पेला भर.”

“नाना, आत्ता खेळ नको.”

“भर तर.”

केतकीनं डोळे मिटून ओतलं. निम्मं पाणी जमिनीवर. टिकल्या ते चाटायला धावला.

“आता डोळे उघडून भर. काय वेगळं केलंस?”

“बघत बघत ओतलं. भरत आला तसा हात आवरला.”

“ह्याला म्हणतात प्रत्याभरण. आपल्या कामाचा परिणाम बघायचा आणि त्याप्रमाणे पुढचं काम बदलायचं. सायकल चालवताना तू हेच करतेस, तवा तापला की आई गॅस बारीक करते तेही हेच. आता सांग, आपला वाढपी डोळे उघडे ठेवून वाढतो की मिटून?”

“उघडे ठेवून!” केतकी फणकाऱ्यानं म्हणाली. “थाळीखाली वजनसंवेदक (वजन बदललं की यंत्राला कळवणारा भाग) आहे. थाळी रिकामी झाली की त्याला कळतं.”

नानांनी मान हलवली आणि हळूच गुणगुणले :

“थाळी झाली गं रिकामी, वाढपी म्हणे जेवला
अगं, विचार पोटाला, घास कुणी गं नेला?”

केतकीचे डोळे मोठे झाले.

“थाळी रिकामी झाली म्हणजे भैरू जेवला, असं नाही!”

“नाहीच. थाळीतून तीनशे ग्रॅम गेले, एवढंच आपल्याला माहीत आहे. गेले म्हणजे नाहीसे नाही झाले हां. वस्तू अशी हवेत विरत नसते. एका जागेवरून गेली की दुसऱ्या जागी सापडलीच पाहिजे. मग कुठं शोधशील?”

“पोटात. पण पोट कसं मोजायचं?”

“तेच तर. शोध.”

केतकी अंगणात दोन फेऱ्या मारून परत आली. “अख्खा कुत्राच मोजायचा! खिडकीसमोर जमिनीत वजन करणारा एक पाट बसवायचा. जेवायच्या आधी पाटावर किती, नंतर किती. मधला फरक म्हणजे पोटात गेलेलं!”

“शाब्बास! थाळीला काय विचारायचं, जेवणाऱ्यालाच विचारू,” नाना म्हणाले.

पण कुत्रा काही काट्यावर पोत्यासारखा बसत नाही. झिपरी पाटावर चढली आणि शेपटी हलवायला लागली, तर आकडे नाचायलाच लागले. सव्वीस पूर्णांक एक, पंचवीस पूर्णांक सात, सव्वीस पूर्णांक चार.

“ह्यातला खरा कुठला?” केतकी वैतागली.

“झोपाळा हलत असताना तो थांबल्यावर कुठं थांबेल, हे सांगता येईल?”

“मधोमध. जेवढा पुढं जातो तेवढाच मागं येतो ना.”

“मग ह्या आकड्यांचाही मध्य काढ. एकदा नाही, दोनशेदा मोज, बेरीज कर, दोनशेनं भाग. ही सरासरी. शेपटी आकडा जेवढा वर नेते तेवढाच खालीही आणते. दोनशे वेळांत तिचं नाचणं आपोआप फिटतं.”

रविवारी संध्याकाळी तिन्ही खिडक्यांपुढं पाट बसले. सहा वाजले. आजोबा-नात आत स्वयंपाकघरात बसून पडद्याकडं डोळे लावून होते. साडेसहाला हिशेब उमटला :

‘झिपरी. आधी सव्वीस किलो. नंतर सव्वीस किलो एकशे ऐंशी ग्रॅम.’

‘टिकल्या. आधी एकोणीस किलो. नंतर एकोणीस किलो सातशे ग्रॅम.’

‘भैरू. आधी वीस किलो नऊशे. नंतर वीस किलो नऊशे.’

“टिकल्याला चारशे वाढले होते,” केतकी ओरडली. “तीनशे जादा कुठून आले? चोर! चोर सापडला!”

सोमवारी तीच कथा. भैरूची चकती जवळ आली की खिडकी उघडायची. भैरू बाजूला सरकायचा, पण थाळी रिकामी होईपर्यंत खिडकी उघडीच राहायची आणि तिच्यात टिकल्याचं तोंड शिरायचं. वाढपीला बिचाऱ्याला वाटायचं, भैरूच जेवतोय.

“तुला लाज नाही वाटत? आजोबांच्या वयाचा आहे तो तुझ्या!” केतकीनं टिकल्याला फैलावर घेतलं. टिकल्यानं तिचं नाक चाटलं.

त्याच संध्याकाळी तिनं नानांच्या मदतीनं प्रत्येक खिडकीपुढं एक अरुंद बोळ बनवला. एक कुत्रा आत गेला की मागची झडप बंद. दुसऱ्याला वावच नाही. जेवून झालं किंवा वीस मिनिटं गेली की झडप उघडायची आणि खिडकी बंद व्हायची. उरलेलं अन्न आतच झाकून राहायचं, म्हणजे माश्या नकोत की मुंग्या.

मंगळवार. सहा वाजले. भैरू बोळात शिरला, झडप पडली आणि पडद्यावर उमटलं : ‘भैरू. पोटात दोनशे नव्वद ग्रॅम.’

केतकीनं नानांचा बरा हात धरून अंगणभर नाचवलं. आईनं तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात येऊन टाळ्या वाजवल्या. प्रदर्शनाच्या वहीत केतकीनं लिहून टाकलं : ‘अडचण – चोरी. उपाय – बोळ. अडचण सुटली.’

*

बुधवारी पडद्यावर शून्य होतं.

चोरीचा प्रश्नच नव्हता. टिकल्या शेजारच्या बोळात आपलं खात होता. भैरूपुढं थाळी भरलेली होती आणि भैरू तिच्याकडं पाठ करून, झडपेच्या फटीतून फाटकाकडं बघत बसला होता. वीस मिनिटं झाली. खिडकी बंद झाली. गुरुवारी शून्य. शुक्रवारी शून्य. सकाळी आई घाईघाईत तिघांना भाकरीचा एकेक चतकोर टाकायची, तेवढ्यावर तो तगून होता.

“खाद्य बदलून बघू का?” आई म्हणाली. तिनं त्यावर तूप घातलं. शनिवारी शून्य. “तुमच्या आजोबा-नातीच्या प्रयोगात माझं म्हातारं कुत्रं उपाशी मरायचं,” ती करवादली, आणि मग डोळे पुसत आत गेली.

केतकीला सगळ्यात जास्त बोचलं ते वेगळंच. ती टिकल्याजवळ जाऊन बसली. “सॉरी रे,” ती म्हणाली. “तू चोर नव्हतास. तो खात नव्हता म्हणून तू खात होतास.” पाटानं खरं तेच सांगितलं होतं. चोर हा शब्द तिनं स्वतःच जोडला होता.

रविवार, सोमवार, शून्य. वजन वीस किलो शंभर. वीस किलोची रेघ आता एका जेवणावर आली होती.

आणि मंगळवारी भैरूनं दोनशे पंचाण्णव ग्रॅम खाल्ले.

“कमालच आहे!” नाना म्हणाले. “लोक मंगळवारचा उपास धरतात, आणि हा मंगळवारी उपास सोडतो!”

केतकी हसली नाही. ती वहीत डोकं घालून बसली होती. मंगळवारी भैरूला काय वेगळं दिसतं? तिनं एकाखाली एक लिहून काढलं. खाद्य तेच. वेळ तीच. बोळ तोच. मंगळवारी तिची चित्रकलेची शिकवणी असते, पण ती चारलाच संपते. मंगळवारी आईची सुट्टी असते.

पेन्सिल थांबली.

“नाना, पूर्वी तुम्ही हातानं वाढायचात तेव्हा रोज जेवायचा ना तो?”

“रोज.”

“किती वाजता?”

“तुझी आई आली की. घमेलं उचलायला ती लागायचीच.”

“आणि मी वाढपीला सहाची वेळ दिली,” केतकी हळू म्हणाली. “मला वाटलं, वेळेवर जेवणं चांगलं.”

“थांब, थांब. अजून ही नुसती अटकळ आहे. अटकळीची परीक्षा कशी घेशील?”

केतकीला वाटलं, सोपं आहे. बुधवारी सकाळी आई निघताना तिनं जीपचा आवाज टिपून ठेवला आणि आईला म्हणायला लावलं, “भैरू, आले रे!” संध्याकाळी सहाला तिनं वाढपीच्या तोंडून ते वाजवलं. घरघर, करकर ब्रेक आणि मग आईचा आवाज.

भैरू ताडकन उठला. म्हाताऱ्या पायांनी पळत फाटकापाशी गेला. गजांमधून नाक बाहेर काढलं, वास घेतला. पुन्हा घेतला. मग सावकाश परत आला आणि केतकीकडं बघून खाली बसला. जेवला नाही.

“मी त्याला फसवलं,” केतकी म्हणाली.

“हं. कानाला फसवता आलं, नाकाला नाही,” नाना म्हणाले. “पण एक कळलं की नाही? आवाजाची वाट नाही बघत तो. माणसाची बघतो.”

इतके दिवस संध्याकाळी साडेसातला सगळे आईच्या मागं आत जात. केतकीचा अभ्यास, आईचा चहा. आज केतकी पडवीतच बसून राहिली. जीप आली, खरीखुरी. आई उतरली. भैरू उठला. त्यानं आईच्या बुटांचा वास घेतला. मग तो नानांच्या काठीपाशी गेला. मग झिपरीपाशी, टिकल्यापाशी. शेवटी केतकीच्या गुडघ्याला ओलं नाक लावलं. एकेकापाशी क्षणभर थांबून, घाई न करता. आणि मग, अंगातलं ओझं खाली ठेवावं तसा सुस्कारा टाकून, तो आपल्या बोळाकडं वळला.

“भैरू, आपली वेळ संपली आहे,” वाढपी अदबीनं म्हणाला.

केतकी धावत पडद्यापाशी गेली आणि मागच्या नोंदी उघडल्या. पहिल्या आठवड्यापासून सगळं लिहिलेलं होतं. ‘भैरू, सात चाळीस, जेवण झाले आहे, परत पाठवले.’ ‘भैरू, सात छत्तीस, परत पाठवले.’ ‘भैरू, सात एक्केचाळीस, वेळ संपली, परत पाठवले.’ मंगळवार सोडून रोज. वाढपीनं काहीच लपवलं नव्हतं. तीच ह्याला हावरटपणा म्हणत होती.

तिनं हातानंच खिडकी उघडली. भैरू जेवायला लागला. मच मच, मच मच. पाटावरचा आकडा वर सरकत राहिला. आई तिथंच जमिनीवर बसली.

*

गुरुवारी शाळेतून येताच केतकी कामाला लागली. तिच्या वहीत मोठा आराखडा होता. फाटकावर लहर सोडणारी कमान, आईच्या किल्लीला चकती, नानांच्या काठीला चकती, स्वतःच्या दप्तराला चकती. सगळी माणसं आत आली की वाढपी मोजणार आणि मगच भैरूचं पान वाढणार.

नानांनी आराखडा नीट पाहिला. “छान आहे. आणि तुझी आई कधी काठी, आपलं, किल्ली विसरून चालत आली तर?”

“मग वाढपीला ती आलेली कळणारच नाही. भैरू उपाशी.”

“आणि पाहुणा मुक्कामाला आला तर?”

“त्याला चकती नाही... पण भैरू त्यालाही मोजेल.” केतकीनं वर पाहिलं. “नाना, मोजणारा तर आपल्याकडं आहेच! भैरूच मोजतो. यंत्रानं पुन्हा कशाला मोजायचं?”

“मग यंत्रानं काय करायचं?”

“थांबायचं,” केतकी म्हणाली. “एवढंच. मी त्याला घड्याळ दिलं, तेच काढून घेते.”

तिनं वाढपीला नवे नियम दिले. संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत ज्याला जेव्हा यायचं तेव्हा यावं. ज्याचा वाटा त्याच्यासाठी राखलेला राहील. किती वाजले, हे विचारायचं नाही. पाटाला विचारायचं, आज पोटात किती गेलं. वाटा पूर्ण झाला की पुरे. आणि नऊ वाजेपर्यंत एखाद्याच्या पोटात काहीच गेलं नाही, तर माणसांना हाक मारायची, कारण पुढचं शोधणं यंत्राचं काम नाही, माणसाचं.

“हे झालं खरं प्रत्याभरण,” नाना म्हणाले. “बघायला आधीही आपण बघतच होतो, केतकी. पण थाळीकडं. मोजमाप अगदी अचूक होतं गं, मोजायची गोष्टच चुकली होती.”

त्या संध्याकाळी सात सदतीसला वाढपी म्हणाला, “या भैरू, आपले पान वाढले आहे.” आणि सगळ्यांना मोजून झालेला भैरू जेवायला गेला.

शुक्रवारी डॉक्टर नलवडे आल्या. काटा ठेवला. भैरू वर चढला. केतकीनं डोळे गच्च मिटले.

“वीस किलो चारशे,” डॉक्टर म्हणाल्या. “चढायला लागलाय की! कुठलं औषध दिलंत?”

“त्याला थांबू दिलं,” केतकी म्हणाली. मग तिनं सगळी हकीकत सांगितली, पाटापासून खोट्या जीपपर्यंत. डॉक्टर ऐकता ऐकता पायरीवर बसल्या. निघताना म्हणाल्या, “प्रदर्शनाला मला बोलव. माझ्याकडं अशी पाच-सहा घरं आहेत, दोन-दोन, चार-चार कुत्र्यांची. एक लठ्ठ होतं, एक वाळतं, आणि मालक शपथ घेऊन सांगतात की आम्ही सारखंच वाढतो.”

संध्याकाळी आईनं सतूबापूंना फोन लावला. ते तेव्हा मेंढ्या घेऊन खाली नदीकाठाला उतरले होते. फोनमधून कळपाची बेंबें ऐकू येत होती.

“आगं पोरी, मला इचारायचं न्हाईस का?” सगळं ऐकून बापू हसले. “त्यो समदी मेंढरं आत आल्याबिगर तोंड लावीत न्हाय कशाला. बारा वरसं त्येच केलंय त्यानं. आता मेंढरं न्हाईत तर तुमास्नी मोजतोय.”

“म्हणजे आम्ही त्याची मेंढरं?” आई म्हणाली.

“मंग वो! आन तुमी लई भटकी मेंढरं, येळंवर येतच न्हाई.”

“बापू, पण त्याला हे शिकवलं कुणी? तुम्ही?” केतकीनं विचारलं.

“म्या? न्हाय बा. त्याच्या आईनं. ती बी तशीच हुती. पोरी, त्यो तुजा वाढपी का काय, त्यो घोडीच्या पाटीवर बसंल एवढा करशील का? माझी सात हायती. दोन म्हातारी, एक पिलावाली. अंधार पडला की कुणी खाल्लं, कुणी न्हाय, मला बी दिसंना झालंय.”

सात कुत्री. रोज नवा मुक्काम, फाटक नाही, भिंत नाही, वीज नाही. ऊन मात्र भरपूर. आणि पाठीवर वाढपी घेतलेली घोडी हलली, की आकडे पुन्हा नाचणार. आणि ज्यांचं घरच पायांवर चालतं, त्यांच्यातल्या भैरूंना कसं कळत असेल, की आता सगळे घरी आले?

तिनं वहीचं कोरं पान उघडलं, पेन्सिल दातात धरून फोन दुसऱ्या कानाला लावला आणि विचारलं, “बापू, तुमची घोडी एका जागी गप्प किती वेळ उभी राहते?”